मुलाच्या टॉन्सिलचं ऑपरेशन: यंत्राचं नाव विचारण्याआधी

"सिस्टर, लेझरनेच करणार आहेत ना?"

ऑपरेशन थिएटरच्या दारात मूल माझ्या हातात देताना बहुतेक आया हा एक प्रश्न विचारतात. गेली अठरा वर्षं मी ठाण्यात ओटीमध्ये परिचारिका म्हणून काम करते आहे. त्यातली बरीच वर्षं कान-नाक-घशाच्या टेबलावर गेली. या प्रश्नामागची काळजी मला कळते. पण सगळी काळजी यंत्राच्या नावापाशी अडकून राहते, आणि ज्या गोष्टींवर मुलाचे पुढचे पंधरा दिवस खरंच अवलंबून असतात त्या विचारायच्या राहून जातात. म्हणून पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्या आईबाबांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर बसताना हातात नीट प्रश्न असले की दहा मिनिटांची भेट कारणी लागते.

आधी हे बघा: ऑपरेशन लागणार आहे का?

टॉन्सिल मोठे दिसतात एवढ्यावरून कोणी ऑपरेशन करा म्हणत असेल तर थोडं थांबा. तीन ते सात या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे अॅडेनॉइड मोठे असणं स्वाभाविक आहे. वय वाढतं तसे ते आकसतात. ऑपरेशनची खरी कारणं मुख्यतः दोन: घसा पुन्हा पुन्हा पिकणं, किंवा झोपेत श्वास अडकणं. तुमच्या मुलाचं कारण यातलं कुठलं, हे पहिल्या भेटीतच स्पष्ट करून घ्या. पुढे पद्धत निवडताना सगळं याच उत्तरावर येऊन ठेपतं.

घसा पिकण्याचा हिशेब डॉक्टर असा धरतात: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. आणि नुसतं "घसा दुखतोय" यात मोजायचं नाही. त्यासोबत १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, मानेत सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा पू, किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची तपासणी पॉझिटिव्ह, यातलं निदान एक तरी हवं. हा हिशेब अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांच्या १९८४ सालच्या अभ्यासातून आला आणि आजही तोच वापरतात. याच्यापेक्षा कमी वेळा होत असेल तर वाट पाहणं हाच सल्ला असतो, कारण बऱ्याच मुलांचा त्रास पुढच्या वर्षभरात आपोआप कमी होतो. मात्र दोनदा टॉन्सिलशेजारी गळू झालं असेल, किंवा बऱ्याच प्रतिजैविकांची अॅलर्जी असेल, तर डॉक्टर हा आकडा बाजूला ठेवून विचार करतात.

यासाठी घरात करायचं काम एकच. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत, मुलाला घसादुखीचा ताप आला की तारीख, ताप किती आणि कोणतं औषध दिलं ते लिहून ठेवा. ओपीडीत "सारखाच आजारी असतो हो" असं सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. तीच गोष्ट तारखांनी सांगा. जून ते सप्टेंबरमधली साधी सर्दी-पडशी या हिशेबात धरू नका. आणि डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकॉकसचा घसा म्हणून प्रतिजैविक दिलं असेल तर ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली बंद करू नका. अर्धवट सोडलेल्या उपचारातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात, आणि आपल्याकडे अजून हे होतं.

दुसरं कारण म्हणजे झोप. इथे कॅलेंडरपेक्षा मोबाइल उपयोगी. मूल गाढ झोपलं की साधारण तासाभराने, मंद दिवा ठेवून, छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या. शर्ट वर करा. ओपीडीत एका आईने मला असा व्हिडिओ दाखवला होता. चार वर्षांचा मुलगा, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. घोरता घोरता आवाज एकदम बंद. छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, पोट वर येतंय, पण हवा जात नाही. आई बाजूला हळू आवाजात मोजत होती: एक, दोन, तीन... अकरावर मूल दचकून हुंदका दिल्यासारखं करून श्वास घेतं आणि कूस बदलतं. तो व्हिडिओ बघून डॉक्टरांनी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. यासोबत दिवसा चिडचिड, शाळेत डुलक्या, वजन न वाढणं, पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, हेही सांगा.

वय दोनच्या आत असेल, लठ्ठपणा असेल, डाउन सिंड्रोम, सिकलसेल किंवा स्नायूंचा आजार असेल, तर आधी रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यायला सांगतात. ती टाळू नका. बाकीच्या मुलांत घाई नसेल तर थोडं थांबणंही चुकीचं नाही. अमेरिकेत ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुधारून नॉर्मल आली होती. ऑपरेशन न करता थांबलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे थांबलेल्यांतलीही जवळपास निम्मी मुलं सुधारली. पण वागणूक, लक्षणं आणि एकूण जगणं ऑपरेशन झालेल्यांचं स्पष्टपणे अधिक सुधारलं. या दोन्ही बाजू डॉक्टरांसमोर ठेवा आणि आपल्या मुलाचं काय ते ठरवा.

मग हे विचारा: पूर्ण काढणार, की आतून?

लेझर की कोब्लेशन (मिठाच्या पाण्यावर चालणारं यंत्र, त्याबद्दल पुढे), हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न आहे किती काढणार. आणि तो कोणीच विचारत नाही.

हापूस डोळ्यांसमोर आणा. टॉन्सिल त्या आंब्यासारखं असतं: बाहेर पातळ साल, आत गर. साल म्हणजे टॉन्सिलचं आवरण, आणि ते घशाच्या स्नायूला टेकलेलं असतं. जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे सालीसकट अख्खा आंबा उचलून घ्यायचा. मग मागचा स्नायू उघडा पडतो. त्या उघड्या स्नायूतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा हेच नंतरच्या दुखण्याचं आणि रक्त जाण्याचं मूळ. दुसरी पद्धत म्हणजे साल जागेवर ठेवून चमच्याने गर काढून घ्यायचा, सालीला पातळसा थर चिकटलेला राहू द्यायचा. तिला डॉक्टर इंट्राकॅप्स्युलर किंवा टॉन्सिलॉटॉमी म्हणतात. स्नायू झाकलेला राहतो. म्हणून दुखणं कमी, मूल लवकर जेवायला लागतं, आणि नंतर रक्त जाण्याचा धोकाही कमी.

मग सगळ्यांचं असंच का करत नाहीत? उरलेला थर काही मुलांत पुन्हा वाढतो, लहान वयात जास्त, आणि थोड्या मुलांना पुन्हा ऑपरेशन लागतं. शिवाय घसा वारंवार पिकणाऱ्या मुलात उरलेल्या थरात संसर्ग होत राहील ही शंका असते. म्हणून साधारण विचार असा: कारण झोपेत श्वास अडण्याचं असेल तर आतून काढण्याबद्दल नक्की विचारा, त्यात जागा मोकळी झाली की काम झालं. कारण वारंवार पू होण्याचं असेल तर पूर्ण काढणं हा अजूनही बहुतेक डॉक्टरांचा कल आहे. काही सर्जन संसर्गासाठीही आतून काढतात, पण त्याचा दीर्घकाळचा अनुभव अजून तितका मोठा नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर घोरणाऱ्या चार वर्षांच्या मुलासाठी, डॉक्टरांचा हात त्यात बसलेला असेल तर, मी आतून काढण्याच्या बाजूने आहे. रिकव्हरी रूममधला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आता हत्यार

ऑपरेशन कसंही केलं तरी बाहेर मानेवर कुठेही चीर नसते. मुलाला पूर्ण भूल, तोंडातून श्वासनलिकेत नळी, खांद्याखाली उशी घेऊन मान थोडी मागे, तोंड उघडं ठेवायला लोखंडी गॅग, आणि डॉक्टर मुलाच्या डोक्याशी बसून तोंडातूनच काम करतात. साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. अॅडेनॉइडही त्याच वेळी तोंडातून मागे जाऊन काढतात. फरक असतो तो डॉक्टरांच्या हातातल्या वस्तूत.

कोल्ड स्टील म्हणजे साधी हत्यारं: कात्री, डिसेक्टर, तळाशी तारेचा फास. टॉन्सिल स्नायूवरून सोलत आणतात आणि रक्त जिथे येईल तिथे कापसाचा दाब देतात किंवा दोऱ्याने बांधतात. ऑपरेशन चालू असताना रक्त थोडं जास्त जातं, वेळही जास्त लागतो. पण आजूबाजूची ऊती भाजत नाही.

कॉटरी किंवा डायथर्मी विजेच्या उष्णतेने कापते आणि कापता कापताच रक्तवाहिनी बंद करते. टोकाशी उष्णता ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. ओटीत जळकट वास सुटतो, काम झटपट होतं, टेबलावर रक्त जवळपास दिसतच नाही. किंमत नंतर मोजावी लागते. भाजलेली जागा भरायला वेळ घेते, म्हणून दुखणं थोडं जास्त दिवस.

कोब्लेशनमध्ये पातळ वाकड्या कांडीच्या टोकावर मिठाचं पाणी सतत ठिबकत असतं. डॉक्टरांनी पायाखालचं पेडल दाबलं की त्या पाण्यात टोकाशी पिवळसर नारिंगी चकाकी दिसते, देवघरातल्या समईच्या ज्योतीएवढी. ती मिठातल्या सोडियमची प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला चकाकता वायू. तिच्याने ऊती ४० ते ७० अंशांतच विरघळत जाते, म्हणून जाहिरातीत याला थंड पद्धत म्हणतात. याने टॉन्सिल पूर्णही काढता येतं आणि आतूनही कोरता येतं. कांडी महाग असते आणि कंपनीने ती एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते. "आमच्या मुलासाठी नवी कांडी उघडणार ना, आणि ती बिलात वेगळी लावणार का?" हे आधीच विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

मायक्रोडिब्रायडर म्हणजे आत फिरणारं छोटं पातं आणि सोबत शोषणारी नळी. आतून गर काढण्यासाठी ते चांगलं. हार्मोनिक स्काल्पेल कानाला ऐकू न येणाऱ्या वेगवान कंपनांनी कापतं, उष्णता ५० ते १०० अंशांच्या घरात.

आणि लेझर. लेझरने टॉन्सिल काढता येतात, पण मुलांत ते इतर पद्धतींपेक्षा सरस ठरलेलं नाही. ऑक्सिजन जवळ असल्यामुळे आगीची खबरदारी घ्यावी लागते, सगळ्यांना डोळ्यांवर चष्मे चढवावे लागतात. मला वाटतं लोकांच्या बोलण्यात लेझर म्हणजे "नवं, बिनरक्ताचं" एवढाच अर्थ उरला आहे, आणि कोब्लेशनलाही लोक लेझरच म्हणतात.

तर चांगलं कुठलं? दोन गोष्टी माझ्या मनात पक्क्या आहेत. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली ३३ हजारांहून जास्त टॉन्सिल ऑपरेशनांची नोंद ठेवून मोजणी झाली. त्यात एकूण सुमारे ३.५ टक्के रुग्णांना नंतर रक्त गेलं आणि ०.९ टक्क्यांना पुन्हा ओटीत न्यावं लागलं. लहान मुलांत हे प्रमाण मोठ्यांपेक्षा कमी होतं. आणि डायथर्मी किंवा कोब्लेशनने कापून त्यानेच रक्त थांबवलेल्यांत धोका साध्या हत्यारांच्या जवळपास तिप्पट निघाला. म्हणजे जाहिरातीतली "थंड" कोब्लेशन त्या मोजणीत गरम पद्धतींच्या रांगेत बसली. ही मोजणी जुनी आहे, त्यानंतर यंत्रंही सुधारली आणि हातही बसले, हे खरं. दुसरी गोष्ट २०१७ सालच्या कॉक्रेन आढाव्यातली (कॉक्रेन ही अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था). कोब्लेशनने पहिल्या दिवशी दुखणं थोडं कमी असतं, पण तो फरक लहान आहे आणि पुढच्या दिवसांत राहत नाही.

म्हणून मी ओळखीच्यांना सांगते: जे डॉक्टर साध्या हत्याराने वर्षानुवर्षं शांतपणे टॉन्सिल काढत आलेत, त्यांना तुमच्यासाठी नवं यंत्र धरायला लावू नका. आणि जे कोब्लेशनमध्ये तरबेज आहेत त्यांच्याकडे जुन्याचा हट्ट धरू नका. एकच यंत्र दोन डॉक्टरांच्या हातात दोन वेगळे निकाल देताना मी पाहिलं आहे.

ओपीडीत तुमच्या जागी मी असते तर इतकं विचारलं असतं. तुम्ही स्वतः सर्वांत जास्त कोणत्या पद्धतीने करता? पूर्ण की आतून, आणि आमच्या मुलासाठी तेच का? तुमच्या रुग्णांपैकी रक्त जाऊन पुन्हा ओटीत आलेले किती असतात? (चांगले डॉक्टर याचं सरळ उत्तर देतात.) ऑपरेशनच्या वेळी डेक्सामिथासोन या स्टेरॉइडचा एक डोस देणार का? त्याने उलट्या आणि दुखणं दोन्ही कमी होतात. आणि रात्री दोन वाजता रक्त आलं तर मी नेमका कोणाला फोन करू?

हॉस्पिटल, विमा आणि घोडबंदर रोड

शेवटचा प्रश्न मी उगाच लिहिला नाही. माझ्या भाच्याचं ऑपरेशन छान झालं होतं. सातव्या रात्री त्याच्या उशीवर लाल डाग दिसला. डिस्चार्जच्या कागदावर होता तो नंबर ओपीडीचा, सकाळी दहानंतर उचलला जाणारा. वहिनी अर्धा तास तोच नंबर फिरवत बसली. शेवटी मला फोन आला आणि मी म्हटलं, "वहिनी, फोन ठेव आणि त्याला उचलून गाडीत बस." तो बरा झाला, पण तो अर्धा तास मला अजून आठवतो. तेव्हापासून मी प्रत्येक आईला सांगते, कागद हातात आला की चोवीस तास चालणारा नंबर त्यावर आपल्यासमोर लिहून घ्या.

हॉस्पिटल निवडताना रात्री तिथे भूलतज्ज्ञ आणि ओटी मिळते का ते बघा. मूल तीन वर्षांखालचं असेल, किंवा झोपेतला श्वासाचा त्रास गंभीर असेल, तर ऑपरेशनच्या रात्री ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनखाली थांबायलाच हवं, आणि मुलांचं आयसीयू त्याच इमारतीत असलेलं बरं. पैशांची ओढाताण असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे महापालिकेचं आणि वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवा. नवी मुंबईकरांनी वाशीच्या महापालिका रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर, शिधापत्रिका आणि आधार घेऊन जाऊन विचारा.

खासगी विमा असेल तर पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ वाचा. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत टॉन्सिल आणि अॅडेनॉइडच्या ऑपरेशनला २४ महिन्यांची प्रतीक्षा लिहिलेली असते. पॉलिसी मागच्याच वर्षी घेतली असेल तर दावा नाकारला जातो, आणि आईबाबांना ते डिस्चार्जच्या दिवशी कळतं. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, पूर्वमंजुरी आधीच घ्या.

आणि अंतर. तुम्ही गायमुखला राहत असाल आणि डॉक्टर नेरूळला असतील, तर घोडबंदर रोड आणि पुढचा ठाणे-बेलापूर रस्ता संध्याकाळी सातला किती वेळ घेतो ते तुम्हाला मी सांगायला नको. नेरूळच्या डॉक्टरांकडे खुशाल करा, पण घराजवळचं, रात्री कान-नाक-घशाचे डॉक्टर बोलावू शकणारं एक हॉस्पिटल आधी शोधून ठेवा.

ही गोष्ट मे महिन्याच्या सुट्टीत फार महत्त्वाची होते. परीक्षा संपली की लोक ऑपरेशन उरकतात, पाचव्या दिवशी मूल हसायला लागतं, आणि कुटुंब रात्रीच्या गाडीने कोकणात निघतं. रक्त जाण्याचा नंतरचा धोका असतो तो नेमका पाचव्या ते दहाव्या दिवसांत, घशातली खपली सुटते तेव्हा. त्या वेळी तुम्ही कशेडी घाटात असणार. दोन आठवडे गाव नाही, लग्न नाही, विमान नाही. आंबे इथेच मागवा.

आदला दिवस आणि सकाळ

मागच्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, कफ झाला असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या, भूल सुरक्षित होते. घरात कोणाला दात काढल्यावर रक्त न थांबणं, सहज निळे डाग पडणं, खूप घोळणा फुटणं असा इतिहास असेल तर आवर्जून सांगा. अॅस्पिरिन बंद. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या चालू असतील त्याही सांगा. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात हलत असेल तर भूलतज्ज्ञांना दाखवा, कारण गॅग लावताना तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. पडजीभ दुभंगलेली असेल किंवा टाळूचा काही त्रास असेल तर अॅडेनॉइड काढण्याआधी डॉक्टरांना ते माहीत हवं, नाहीतर नंतर आवाज नाकातून येऊ शकतो.

उपाशी ठेवण्याचे साधारण नियम: घन पदार्थ आणि गाई-म्हशीचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. आजीने "बिचारं उपाशी आहे" म्हणून भरवलेलं एक बिस्कीट ऑपरेशन रद्द करायला पुरतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा. मुलालाही खरं सांगा: झोपवणार, घसा दुखेल, मी बाहेरच थांबणार आहे. खोटं सांगून आणलेली मुलं आमच्या हातात जास्त घाबरतात.

घरचे दहा-चौदा दिवस

दुसऱ्या दिवशी घशात पांढरा-पिवळसर थर दिसेल, तोंडाला वास येईल. तो पू नव्हे, जखमेवरची खपली आहे. खरवडू नका, बोळ्याने पुसू नका. कान दुखेल. कानात काही झालेलं नसतं, घसा आणि कान यांची नस एकच असल्याने तसं वाटतं. दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतं, खपली सुटताना पुन्हा. "काल बरा होता, आज रडतोय" हे अपेक्षित आहे.

औषध घड्याळाच्या काट्यावर द्या, रडण्यावर नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही मुलांत मुख्य औषधं, मात्रा वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहिलेली. पहिले चार-पाच दिवस रात्रीचा डोसही उठवून द्या, नाहीतर सकाळी कोरडा घसा घेऊन उठलेलं मूल पाण्याचा घोटही घेत नाही. एक चूक मी फार पाहते: दोन्ही औषधं एकत्र असलेली बाटली द्यायची आणि वर तापासाठी नुसतं पॅरासिटामॉलही. बाटलीवरची नावं वाचा, पॅरासिटामॉलचा डोस दुप्पट होऊ देऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध १२ वर्षांखालच्या मुलाला मुळीच नको. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फीन फार वेगाने बनतं आणि श्वास मंदावतो. ट्रामाडॉलही नको. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या.

खाणं: पहिल्या दिवशी गार दूध, आइस्क्रीम, नारळपाणी. मग पातळ पेज, गार केलेली रव्याची खीर, नाचणीची गोड आंबील, तूप घालून मऊ खिमट, वरणभात कालवून. जेवढं गिळेल तेवढा घसा लवकर मोकळा होतो, म्हणून जेवणाआधी अर्धा तास औषध आणि मग भरवणं हा क्रम ठेवा. खारी, टोस्ट, चकली, वेफर्स, कुरमुरे दोन आठवडे कपाटात. लिंबू, ताक, पन्हं झोंबतं. आणि कोकम सरबत किंवा लाल जेली देऊ नका: मूल ओकलं तर ते रक्त की सरबत हे रात्री अंधारात कळत नाही. मीठ-हळदीच्या जोरात गुळण्या डॉक्टर सांगेपर्यंत नकोत.

सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, ओठ कोरडे पडले, ताप १०१ च्या वर गेला, तर फोन करा. शाळा दोन आठवडे बंद, खेळ आणि पोहणंही. टॉन्सिल काढल्याने प्रतिकारशक्ती जाते ही भीती सासूबाई-आजी बोलून दाखवतील. शरीरात तेच काम करणाऱ्या बाकीच्या गाठी भरपूर आहेत, असं त्यांना शांतपणे सांगा.

रक्त आलं तर

लाळेत कालच्या खपलीचा तपकिरी धागा आला तर डॉक्टरांना फोन करून विचारा. ताजं लाल रक्त, कितीही थोडं असलं तरी, थेट हॉस्पिटल. थांबून बघायचं नाही. वीस किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून सुमारे दीड लिटर रक्त असतं, आणि आपली आमटीची एक वाटी साधारण १५० मिलीची. म्हणजे एक वाटी गेली की दहावा हिस्सा गेला. शिवाय मुलं रक्त गिळतात, बाहेर दिसतं ते कमीच असतं. झोपेत मूल सारखं सारखं गिळतंय असं दिसलं तर दिवा लावा आणि तोंडात बघा. कॉफीच्या गाळासारखी काळपट उलटी म्हणजेही पोटात गेलेलं रक्तच.

मुलाला बसवा, थोडं पुढे वाकवा, रक्त वाडग्यात थुंकू द्या, म्हणजे किती गेलं ते दाखवता येतं. आडवं झोपवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, पुन्हा भूल लागू शकते. समजूतदार मूल असेल तर बर्फाच्या पाण्याने हलकी चूळ चालेल. गाडी नसेल किंवा मूल सुस्त पडत असेल तर १०८. निघताना डिस्चार्जचा कागद आणि वाडगा सोबत घ्या, आणि वाटेतून त्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत ओटी उघडलेली असेल.

सगळं सुरळीत झालं तर सहा-आठ आठवड्यांनी, झोपेचा त्रास म्हणून ऑपरेशन केलं असेल तर, पुन्हा एका रात्री शर्ट वर करून तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या, तसाच मंद दिवा ठेवून. दोन्ही व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा. अजून घोरत असेल तर झोपेची तपासणी कधी करायची ते त्याच भेटीत ठरवून या.